बिरानच्या कड्यातलं लोखंड

“तुरटीत घालायचं नाही म्हणजे नाही!” कुंबाने पातेल्यावरचा हात काढला नाही. “कड्यात लोखंड आहे. तुम्हाला दिसत नसेल, मला दिसतंय.”

“मला दिसत नाही?” तिचा नवरा मासाम्बा चाम म्हणाला. “या हातांनी अर्ध्या लुगा शहराच्या बायका नटवल्या.”

“नटवल्या ना! मग सुनेच्या कड्यात ड्रिल मोडलं ते कोणाच्या हातांनी?”

आमचं आणि चाम सोनारांचं अंगण एकच. त्यामुळे ही भांडणं आम्हाला रोजची. पण त्या दिवशी एरवीसारखं कोणी हसलं नाही.

कडं त्यांच्या मुलाने, बिरानने केलेलं होतं, लग्नात बायकोसाठी, सोखनासाठी. चांदी, तांबं आणि लोखंड अशा तीन तारांचा पीळ, दोन्ही टोकांना चांदीच्या टोप्या. लोखंडाची तार त्याने स्वतःच्या सायकलच्या स्पोकची घेतली होती. “नवरी सायकलवर बसून येणार का रे?” असं म्हणून मासाम्बाने त्याला दिवसभर चिडवलं होतं. सोनारांत नवरा आपल्या बायकोचं कडं स्वतः घडवतो, त्याला दुसऱ्याने हत्यार लावायचं नसतं. बिरान तापाने गेला. सोखनाने इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या सुतकाच्या चार महिने दहा दिवसांत, दागिने उतरवले. आता इद्दत संपत होती. दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, पांढरे कपडे सोडून बाहेर येणार आणि तेच कडं हातात घालणार होती.

एक टोपी ढिली झाली होती, एवढंच. मासाम्बाने सुनेकडून कडं मागून घेतलं. “खीळ बसवून देतो, कुठे पडायला नको,” म्हणाला. भोक पाडताना हात हलला आणि ड्रिलचं टोक टोपीच्या आतच मोडून राहिलं.

ठोकून काढावं तर चांदी फाटणार. तुरटीच्या गरम पाण्यात मात्र पोलाद विरघळतं, चांदी-तांब्याला काही होत नाही. हे सोनारांच्या घरात सगळ्यांना ठाऊक. प्रश्न फक्त स्पोकच्या तारेचा होता.

“तारेवर मेण चढवतो,” शेवटी मासाम्बा म्हणाला. “पाणी कोमटच ठेवायचं. वेळ लागेल, पण मेण टिकेल.”

“बाबा, नाही निघालं तरी चालेल,” सोखना दारातून म्हणाली. ती सोनाराचीच लेक. “मी तसंच घालेन. तुकड्यासकट.”

“माझ्या मुलाचं काम मोडक्या हत्यारासकट मिरवायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना टोपीच्या आतलं दिसतंय होय!” कुंबा पुटपुटली, पण तिने पातेल्यावरचा हात काढला.

सकाळचं ऊन अंगणात आलं तेव्हा पातेलं निखाऱ्यांवर चढलं. मासाम्बा त्याच्याजवळून हलला नाही. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मधूनमधून पाण्यात बोट बुडवायचा, “कोमट आहे,” म्हणायचा आणि दोन कोळसे सारायचा. दुसऱ्या दिवशीच्या लापशीसाठी आम्ही बायका बाजरी पाखडत होतो. भात-मासळी झाली, तो जेवायला उठला नाही. कुंबाने ताट त्याच्याजवळ नेऊन ठेवलं, तेव्हा तिचं लक्ष पाण्यावर गेलं. वर तेलासारखे पिवळे ठिपके तरंगत होते.

“अहो, हे मेण आहे ना?”

“नाही. पाणी कोमट आहे.”

कुंबाने बोट बुडवलं आणि ओरडून मागे घेतलं. बोट लाल झालं. मासाम्बाने तिच्या बोटाकडे पाहिलं, मग आपलं बोट त्याच पाण्यात घातलं आणि तसंच ठेवलं. जन्मभर तापलेला धातू उचलून जाड झालेली ती कातडी. तिला चटका कळतच नव्हता.

सोखना धावत आली. तिने चिमट्याने कडं वर काढलं. टोपीतलं भोक मोकळं झालं होतं. ड्रिलचा मागमूस नव्हता. पण लोखंडाची तार जागोजागी कुरतडल्यासारखी झाली होती. सोखनाने पुसायला कापड लावलं तसे तारेचे काळे तुकडे पदरात पडले. चांदी आणि तांबं सैल होऊन एकमेकांपासून सुटलं.

“नवी तार घालता येईल,” कुंबा म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “सायकल अजून आहे. स्पोक आहेत.”

“स्पोक आहेत, आई,” सोखना म्हणाली. “पीळ कोण घालणार?”

तुकडे तिने पदराच्या टोकात बांधले. रडली नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं. कुंबाने कोळशांवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, मासाम्बा तिथेच बसून होता.

संध्याकाळच्या नमाजानंतर तो अंगणात आला. घरातली सगळी माणसं चटईवर होती, सोखनाही होती.

“उद्यापासून दुकान उघडायचं नाही,” तो म्हणाला. “ऐरण उचलून ठेवा. मी काम सोडलं.”