कुंपण नसलेली जागा

ओमानमधल्या इब्री गावात, एका ट्रॅव्हल एजन्सीत माझे चाचा तिकिटं काढतात. आम्ही मूळचे रत्नागिरीचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून इंग्रजी पत्रं ते माझ्याकडून लिहून घेतात आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावतात.

त्यांच्या अर्बाबना, म्हणजे मालकांना, आफ्रिकेत रानरेड्याची शिकार करायची होती. दक्षिण आफ्रिकेतल्या एका फार्मवर रेडा हमखास मिळणार होता. अर्बाबच्या बैठकीत होकाराचं पत्र लिहायला मी बसले, तेवढ्यात चाचांनी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पेला न पिताच खाली ठेवला. इथे पाहुणा असं करतो, तेव्हा त्याला काही मागायचं असतं.

"बोल," अर्बाब म्हणाले.

"त्या फार्मला कुंपण आहे. रेडा पळणार कुठे? झिंबाब्वेला जा. तिथे माग काढत चालावं लागतं. कदाचित रिकाम्या हाताने याल."

अर्बाबचा मुलगा हसला. "तू कधी कोंबडी तरी मारलीस?"

"नाही. पण तिकिटं मी काढणार, म्हणून बाजारात लोक शिकारीबद्दल मलाच विचारणार. कोंडलेला रेडा मारला त्याला शिकार म्हणून खोटं कसं सांगू?"

चाचांचा व्हिसा अर्बाबच्या हातात; ते रागावले तर चाचांना परत जावं लागणार.

"खलास, ठरलं. झिंबाब्वे," अर्बाब शेवटी म्हणाले. "आता पी."

गार कहवा एका घोटात संपवून चाचा माझ्याकडे वळले. "लिही गो. कुंपण नको, हे पहिल्याच ओळीत घाल."

मी ती ओळ त्यांनी न सांगताच दोनदा वाचून दाखवली.