लाल धाग्याची गाठ

येवल्याच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "ताई, पार्सलवाले अण्णा गेले. कळलं का?" आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता खरं काय ते कधीच कळायचं नाही… माझी मलाच लाज वाटली.

अण्णा नाशिकला एसटीच्या पार्सल खिडकीवर होते. मी येवल्यात मागावर पैठण्या विणते. वीस वर्षं माझ्या पैठण्या त्यांच्या हातून पुढे गेल्या. माझ्या पार्सलच्या सुतळीवर ते लाल धागा घालून आपली एक गाठ मारायचे; कापल्याशिवाय ती सुटायची नाही. "गाठ शाबूत नसेल तर घेऊच नका, असं गिऱ्हाइकाला सांगा," म्हणायचे. मग एसटीने एका खासगी कंपनीला सोबत घेतलं. गाड्या एसटीच्या, गोदाम आणि स्टिकर कंपनीचे. अण्णा कुरकुरले, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ताई. माल हरवला तर विचारायचं कुणाला?"

आणि हरवलाच! नामपूरच्या नवरीची मोरपंखी पैठणी, चार महिने डोळे फोडून विणलेली. मोबाइल म्हणे ‘पोचली’, नवरीचे वडील म्हणाले, नाही. कंपनीचा साहेब हळूच म्हणाला, "तुमचे अण्णा पार्सलं पुन्हा बांधतात म्हणे. का बरं?" मी मुळातच संशयी बाई. तडक खिडकीवर गेले. "अण्णा, उघडलं होतं का हो तुम्ही?" ते मान खाली घालून पुढची पावती फाडायला लागले. त्यानंतर मी त्या खिडकीची पायरी चढले नाही. ते आजारी असल्याचं कळलं, तरी नाही.

गेल्या आठवड्यात तोच कंडक्टर एक पार्सल घेऊन दारात आला. गोदामात कुणीतरी दुसऱ्याचाच स्टिकर चिकटवलेला. ते भलत्याच गावी, पेठला गेलं, परत आलं आणि कोपऱ्यात पडून राहिलं. "पिवळं मांजरपाट तुमचं, गाठ अण्णांची. लगेच ओळखलं," तो म्हणाला. लाल धागा जसाच्या तसा होता. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी उंबऱ्यातच बसून रडले.

सून कात्री घेऊन आली, तिला थांबवलं. नवरी केव्हाच दुसरी पैठणी नेसून सासरी गेली. हे पार्सल असंच नाशिकला नेणार आहे, अण्णांच्या घरी. गाठ त्यांच्या बायकोनं, वहिनींनीच कापावी. जाईन एसटीनेच, पण खिडकीवर देणार नाही. मांडीवर घेऊन बसेन.