कोंगाची चंची

रविवारी उंबू तामू चर्चच्या दारात दिसला आणि पहिल्या बाकावरच्या दोर्काचा गाता गाता सूर चुकला. सुंबा बेटावरच्या या गावाच्या टेकडीवर राहणारा, पूर्वजांच्या आत्म्यांना कोंबडं कापणारा तिचा सख्खा भाऊ! अठरा वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती. तिनं घाईघाईनं सरकून शेजारी जागा केली. पण तामू पुढं आलाच नाही. तो शेवटच्या बाकावर बसला, कोंगाच्या शेजारी.

कोंगा! चर्च झाडणारी, गाण्याचं पुस्तक उलटं धरणारी अडाणी विधवा. दोर्का सारखी मान वळवून मागं बघत राहिली; प्रवचनातलं अक्षरही तिच्या कानांत शिरलं नाही.

दोर्कानं काय कमी केलं होतं? ती महिला मंडळाची प्रमुख. दर रविवारी प्रार्थना आटोपली की टेकडी चढायची, भावाच्या बांबूच्या ओट्याखाली उभी राहायची आणि त्याला नरक कसा असतो ते सांगायची. तो मुकाट्यानं सुपारीची टोपली पुढं सरकवायचा.

"तुझ्या भुतांना दाखवलेलं मी खात नाही," असं तोंडावर सांगून ती हात मागं घ्यायची. बाप्तिस्म्याच्या वर्षीच तिनं सुपारी सोडली होती. दारी आलेल्यानं सुपारी नाकारली की तो भांडायला आलाय असंच सुंब्यात धरतात. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण देवाच्या कामात रीतभात कसली बघायची, असं तिचं म्हणणं.

प्रार्थना सुटल्यावर तिनं कोंगाला विहिरीपाशी गाठलं.

"काय गं, काय पढवलंस माझ्या भावाला?"

"मी काय पढवणार, ताई? मला का वाचता येतं?"

"मग तो आला कसा?"

कोंगानं कमरेची चंची उगाच सैल केली, पुन्हा आवळली. "त्यांच्या पायाला जखम आहे ना, ती धुवायला जाते मी मंगळवारची. ते सुपारी देतात, मी खाते. त्यांची संपली की माझ्या चंचीतली. एकदा म्हणाले, खायच्या आधी डोळे का मिटतेस? म्हटलं, आभार मानते. कुणाचे, म्हणाले. मग सांगितलं, येतं तेवढं."

जखम? दोर्काला जखमेचा पत्ताच नव्हता. ओट्यावर ती कधी चढलीच नव्हती.

"रागावू नका, ताई," कोंगा हळूच म्हणाली. "ते दर वेळी विचारतात. म्हणतात, दोर्का कुणाच्याच हातची सुपारी खात नाही, की फक्त माझ्याच?"

दोर्का तडक घरी गेली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढली. तामूनं वर पाहिलं. "आज सोमवार. नरक रविवारी असतो ना?"

ती ओट्यावर चढून त्याच्या शेजारी बसली. पायाला स्वच्छ पट्टी होती, कोंगानं बांधलेली. ती बघूनसुद्धा दोर्काला टोचलं. तामूनं सवयीनं टोपली पुढं केली आणि तिच्याकडं न बघताच मागं ओढायला लागला. दोर्कानं टोपलीवर हात ठेवला. डोळे मिटले. मग चुना लावलेली एक फोड उचलून तोंडात टाकली.

"चुना फार झालाय, दादा."

"अठरा वर्षांत जीभ नाजूक झाली तुझी." तामू लाल दात दाखवत हसला. "कोंगा सुपारी बारीक कातरते. तुला नाही जमायचं."

"दे इकडं तो अडकित्ता!"

फोडी जाडजूडच पडल्या. तामू एकेक चघळत राहिला.

"येत्या रविवारी कुठं बसणार आहेस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कोंगापाशी. पुढं सगळी शहाणी माणसं."

अडकित्ता थांबला.

"मग मी मागं येईन," दोर्का म्हणाली. "पण तुमच्या दोघांच्या मधे मी बसणार, आत्ताच सांगून ठेवते."