अजानेनंतरचा गोल

आमच्या क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण वही माझ्याकडे होती. याव्यतिरिक्त माझी काही पात्रता नव्हती. मी आयुष्यात चेंडूला मुद्दाम लाथ मारलेली नाही. मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकं करतो, म्हणजे भिंत नसताना तिला किती विटा लागतील ते सांगतो. तेवढ्यावरून नऊ मोसम मला सामन्यांची नोंद ठेवायला बसवलं होतं.

आकडे असे. परदेशी लोकांच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये आमचा गट सगळ्यात खालचा. गटात संघ सात, मोसमात सामने बारा. नऊ मोसमांत एक सामना वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नाल्याला, पाणी आल्यामुळे झालाच नाही, म्हणजे एकूण एकशेसात. जिंकलो एकोणीस, बरोबरी एकवीस, हरलो सदुसष्ट. आठ वेळा सातवे आलो आणि एकदा सहावे. गटाखाली गट नसल्यामुळे कोणी आम्हाला आणखी खाली ढकलू शकलं नाही. सहाव्या नंबराच्या वर्षी अध्यक्षांनी सगळ्यांना बिर्याणी घातली होती आणि भाषणही केलं होतं. बिर्याणी चांगली होती.

इतिहासाची सुरुवात मेक्सिकोपासून करावी लागली, कारण आमची जर्सी तिकडची होती. पहिल्या वर्षी आमचे कप्तान वादी कबीरमधल्या एका दुकानातून उरलेल्या मालातल्या वीस जर्सी घेऊन आले. हिरवे-तपकिरी पट्टे, छातीवर निवडुंग आणि खाली स्पॅनिशमध्ये काहीतरी. नऊ वर्षं आम्ही ते निवडुंग छातीवर घेऊन हरलो. ते कोणाचं, हे विचारायला कोणालाच सुचलं नाही. शेवटी माझ्या मुलीने फोनवर शोधून काढलं.

"बाबा, हा मेक्सिकोचा एक छोटा क्लब आहे. थर्ड डिव्हिजन. म्हणजे होता. आता नाहीये. दुसऱ्या सिटीने विकत घेतला, मग त्यांनी नावपण चेंज केलं, मग तोपण बंद झाला."

"मग माहिती कोणी लिहून ठेवली?"

"कोणीतरी फॅन आहे. त्याने सगळं लिहिलंय. प्रत्येक गोल. कोणी मारला, कितव्या मिनिटाला."

मी ती पानं बघितली. माझ्याच जातीचा माणूस होता. क्लब मेला, मैदानावर दुकानं आली, पण एका बचावपटूचा अख्ख्या कारकिर्दीतला एकुलता एक गोल मिनिटासकट नोंदलेला होता. समितीच्या बैठकीत मी ते कौतुकाने वाचून दाखवलं. तिथेच चूक झाली.

"आणि माझा?" कप्तान म्हणाले.

आमच्या कप्तानांना सगळे चाचा म्हणतात. रत्नागिरीकडचे. वादी कबीरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतात. वय चोपन्न, गुडघे त्याहून मोठे. नऊही मोसम ते बचावाला खेळले, आणि आता कायमचे गावी चालले होते. इतिहासाची पुस्तिका पुढच्या आठवड्यात गुरुवारी छापायला जायची होती, त्यांचं विमान त्याच्या नंतरच्या शनिवारी.

"चाचा, तुमच्या नावावर गोल नाही," मी म्हणालो.

"इंजिनेर, म्यां मारला हाय. जाळी हालली, तू बघितलंस."

"आपल्याकडे जाळी नाही."

"मग हवा हालली! तीस वर्षं इथे काढली मी. गावी नातू विचारेल, आजा, तू काय खेळायचास? बोललो तर पुरावा मागतो तो. सात वर्षांचा हाय, पण तुझ्यासारखाच हाय."

सगळे हसले. मी वही उघडली. पाचव्या मोसमातला सामना, आम्ही शून्य-तीन हरलेला. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'कप्तानांचा गोल, अजानेनंतर. धरला नाही.'

आमच्या मैदानाचा कायदा असा, की मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की सामना संपला. अझैबातल्या त्या मोकळ्या जागेवर दिवे नाहीत, आणि दोन्ही संघांतले निम्मे खेळाडू नमाजाला जातात. मीच लिहिलेला नियम होता : रेफ्रीला अजान ऐकू येताच त्याने शिटी वाजवावी. नोंद मात्र माझी, आणि लीगकडे जायचा तो माझा कागद.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. चाचा उठले. चहाही न घेता गेले. चाचा चहा टाकून गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

घरी येताना माबेलापर्यंत गाडीत तेच डोक्यात होतं. माझं टेबल मैदानाच्या एका कडेला, आणि टेबलाच्या मागे मशीद. चाचांचा गोल झाला तो समोरच्या टोकाला, आणि त्या टोकाला दुसरी मशीद. दोन्हींची अजान एकाच क्षणी सुरू होते का? नऊ वर्षांत मी हे एकदाही तपासलं नव्हतं. आणि विटा मात्र तीनदा मोजतो.

त्या शुक्रवारी मुलीला घेऊन मैदानावर गेलो. तिला समोरच्या गोलपाशी उभं केलं आणि फोन चालू ठेवला. माझ्या पाठीमागे अजान सुरू झाली.

"आली का?"

"नाही बाबा. इथे फक्त हायवे ऐकू येतोय." मी घड्याळ बघत राहिलो. "हां, आता आली. इकडच्या साइडने."

अकरा सेकंद.

अकरा सेकंदांत गोल होतो. आणि रेफ्री त्या टोकाला होता. हे एवढंच असतं तर मी ते मोजणीतली त्रुटी म्हणून खपवलं असतं. पण खरं असं, की त्या दिवशीची शिटी मला ऐकू आली होती. चाचा जर्सी डोक्यावर ओढून निवडुंगासकट धावत सुटले होते, आणि त्यानंतर शिटी वाजली होती. तोवर माझी वही पिशवीत होती आणि गाडीची किल्ली हातात. कारण पाठीमागची अजान सुरू झाली की लगेच निघालं तर माबेलाची गर्दी टळते. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास जातो. एवढ्यासाठी मी नऊ वर्षं सामने अकरा सेकंद लवकर संपवत होतो आणि त्याला नियम म्हणत होतो.

आता एक गोल धरायचा तर सगळेच धरायला हवेत. समासात असे आणखी तीन गोल निघाले, तिन्ही प्रतिस्पर्ध्यांचे. दोन निरुपद्रवी : जिथे पाचने हरलो तिथे सहाने, जिथे एकने तिथे दोनने. तिसरा मात्र आम्ही दोन-एक जिंकलेल्या सामन्यातला होता. तो धरला की बरोबरी. आणि तो सामना सहाव्या नंबराच्या मोसमातला, जिथे आम्ही सातव्यापेक्षा एकाच गुणाने पुढे होतो.

अध्यक्षांना फोन केला. "अहो, तुम्ही वेडे आहात का?" ते म्हणाले. "लोकांनी त्या नंबरावर बिर्याणी खाल्लीय!"

"बिर्याणी परत मागत नाहीये मी."

"त्या म्हाताऱ्याच्या एका गोलासाठी क्लबची इज्जत घालवणार?"

क्लबची इज्जत नेमकी कुठे होती, ते मला वहीत सापडलं नाही. तरी म्हणालो, चाचा नको म्हणाले तर सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरवर ब्रेकपॅडच्या खोक्यांमध्ये नऊ मोसमांच्या हिशेबाचे दोन कागद ठेवले, जुना आणि नवा. मशिदी, अकरा सेकंद आणि माझ्या गाडीची किल्ली, सगळं सांगितलं. चाचांनी चष्मा लावला.

"म्हणजे तू घरी पळायचास?"

"हो."

"हरामखोर," ते शांतपणे म्हणाले. मग दोन्ही कागद पुन्हा वाचले. "माझा धरला तर आपण त्या साली पण शेवटचे?"

"हो. जिंकलो अठरा, बरोबरी बावीस. नऊपैकी नऊ वेळा शेवटचे."

"आणि नाय धरला तर सहावे."

"खोटे सहावे."

त्यांनी बराच वेळ नव्या कागदावर बोट ठेवलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानेच थांबवलं. "सहावा येऊन कोनाचं काय भलं झालं? अध्यक्षाने भाषण केलान, तेवढंच. लिव. आणि अध्यक्षाला मी बोलतो."

मी कागद घडी करायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

"थांब. गोलाच्या खाली मोठ्या अक्षरात लिव, सामना एक-तीन हरलो म्हणून."

"ते कशाला, चाचा?"

"नायतर नातवाला पटायचं नाय."

तिथेच पेन काढलं आणि ते लिहिलं.