फिन्नाची पांढरी टोपी

माझी थोरली बहीण फिन्ना गणितात दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा ती एकोणसत्तरीला आली होती. आणि मी, तिचा धाकटा भाऊ, चाळीस वर्षं गणितच शिकवून नुकता घरी बसलो होतो. गावाला आयतीच करमणूक! पण बाई मला विचारायला तयार नाही.

विचारणार तरी कशी? आमच्या खाडीकाठच्या गावात शाळा चौदाव्या वर्षी संपायची. पुढं शिकायला आकुरेयरी शहरात दोघांतल्या एकालाच पाठवणं घरी झेपणार होतं. गुरुजी म्हणाले, डोकं मुलीचं आहे. वडील म्हणाले, "मुलीला काय करायचंय? उद्या लग्न करून जाईल." मी गेलो. तिनं धक्क्यावर हेरिंग मासळी मिठात खारवली, मी लॅटिन घोकलं. त्रेसष्ट साली जूनमध्ये मी शाळेची शेवटची परीक्षा पास झालो आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पास झालेल्यांची पांढरी टोपी घातली. आईवडील आले, फिन्ना आली नाही. बोट आलीय, असं आई म्हणाली. बोट आली की बायकांना हातातलं टाकून धक्क्यावर धावावं लागे, म्हणून मीही काही मनात आणलं नाही.

म्हातारपणी मासळीच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर तिनं घरबसल्या तीच परीक्षा धरली. बाकी सगळे विषय सुटले, गणितानं अडवलं. तिसरी खेप शेवटची होती. मग एका दुपारी मीच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

"कॉफीला आलास की कीव करायला?"

"वही काढ."

"मास्तर, आवाज खाली. घर माझं आहे."

मी शिकवायचो, तिच्या डोक्यावरून जायचं. एकदा माझा तोल गेला. "अगं, दगड आहेस का?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पोरांशी चाळीस वर्षं असाच बोललास? बिचारी पोरं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवशी मी टक्केवारी काढायला पिंपं घेतली: पिंपात हेरिंग किती, मीठ किती. बाईनं कागदही न घेता उत्तर दिलं. "हे आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?" हिवाळाभर आम्ही पिंपंच भरली.

मे महिन्यात ती पास झाली. दहापैकी सात.

"तुला किती होते रे?"

"नऊ."

"मग माझा मास्तरच कच्चा."

समारंभ झाला, सगळ्या पोरांनी टोप्या घातल्या. फिन्ना मात्र टोपी हातात घेऊन शाळेच्या अंगणात उभी.

"घाल की आता!"

"थांब. तुझ्या टोपीच्या दिवशी बोट आली नव्हती."

"मग होतीस कुठं?"

"धक्क्यावर रिकाम्या पिंपावर बसून होते दिवसभर. तुझा राग नव्हता रे. बघवलं नसतं, एवढंच."

सत्तेचाळीस वर्षं मी त्या बोटीवर विश्वास ठेवला होता. भर अंगणात मला रडू आलं. टोपी मी तिच्या हातातून घेतली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.

"वाकडी बसली गं."

"असू दे," ती म्हणाली. "तू आलास ना."