शिलाईच्या मावशी आणि खिडकीचे गज

कार्ला गावातल्या शिलाईच्या मावशी माप घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाची पापणी खाली ओढून बघायच्या. "रगत न्हाई अंगात. पालेभाजी खात न्हाईस," असं बोलून झालं की मग टेप काढायच्या.

त्यांच्या स्वतःच्या ताटात रोज शेवग्याचा पाला, माठ नाहीतर चाकवत. "पोटात गेलं की डोळ्यात उतरतंय," हे त्यांचं ठाम मत. म्हणूनच लोणावळ्याच्या डॉक्टरांनी वयामुळे डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय असं सांगितलं, तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. डॉक्टरांनी पालेभाज्या, मासे चालू ठेवायला सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "यानं आजार पुढं सरकायचा वेग कमी होऊ शकतो, पण तो बरा होत नाही. सरळ रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी या." सोबतीला गेलेली मी शेजारीच बसले होते. मावशींनी त्यातल्या गोळ्या तेवढ्या लक्षात ठेवल्या.

पुढं माझ्या ब्लाउजची शिवण खांद्यापाशी नागमोडी आली. "मशीनचा पट्टा सैल झालाय," मावशी म्हणाल्या. कारागीर बघून गेला. मशीन ठणठणीत होतं. पुढच्या ब्लाउजचीही तीच गत झाली. मग एका दुपारी त्या दोन गोळ्या एकदम गिळताना दिसल्या.

"दोन कशाला, मावशी?"

"एक पुरंना झाली." तांब्या ठेवायला त्यांचा हात कट्टा चाचपत होता. "सुई दिसतीया, पर तिचं भोक न्हाई दिसत. कुनाला बोलू नगंस. कापड कोन देईल मग मला?"

तसंच त्यांना लोणावळ्याला नेलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली रक्त झिरपून व्रण झाला होता. "हे गोळ्यांनी थांबत नाही. इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाले. डावा झिजलेला, पण अजून कामाचा होता. रोज उजवा डोळा झाकून खिडकीचे गज बघायचे, असं ठरलं.

तेव्हापासून कामावर जाताना मी त्यांच्या दारात थांबते. "हायेत सरळ," एवढं ऐकलं की एसटी पकडते. भाजी त्या अजून निवडतात. शिलाईचं नाव काढत नाहीत.

आज सकाळी मावशी गजांकडे बराच वेळ बघत राहिल्या. उजव्या डोळ्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"मावशी?"

"दवाखाना कवा उघडतो गं?" त्यांनी विचारलं.