लेखाखाली लिहिलेलं गाव

विमानतळाच्या काचेच्या दाराशी बाबांनी मला थांबवलं. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. मी आखातातल्या एका अरबी दैनिकात पानं लावायला निघाले होते, आणि अरबीचं एक अक्षर मला येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "न वाचता काही छापू नको वं."

म्हणून मी अरबी शिकले. शिकवली आमच्या संपादकांनी. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचा अग्रलेख आला की चार राजधान्यांतले मंत्री तो आधी वाचायचे. आणि हा माणूस दुपारी माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत खात माझ्याकडून क्रियापदं घोकून घ्यायचा. त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांचा पासपोर्ट कधीच रद्द केला होता. त्याबद्दल ते बोलत नसत.

सहाव्या वर्षी त्यांनी त्या देशात तुरुंगात पडलेल्या पत्रकारांवर लिहिलं. मालकाचा माणूस थेट माझ्या टेबलाशी आला. लेख काढ, तिथे जाहिरात लाव, म्हणाला. लेख मी वाचला होता, त्यातली माणसं मला नावानिशी ठाऊक होती. मी उस्तादांकडे पाहिलं.

"कोरं जाऊ दे," ते म्हणाले.

मी लेख काढला, जाहिरात लावली नाही. पहिल्या पानावर दोन कॉलम कोरे गेले आणि आठवड्याभरात आम्ही दोघंही बाहेर.

उस्तादांना लंडनमध्ये आश्रय मिळाला. नागपूरहून तुम्ही सगळे नातेवाईक मला परत ये म्हणत होतात. बाबांनी फोनवर विचारलं, "काहून केलं असं?" मी लेखात काय होतं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर केलं."

मी लंडनला गेले. दोन थंडगार खोल्यांत आम्ही वेबसाइट सुरू केली. त्यांच्या देशात तिच्यावर बंदी आली, तरी लोक चोरून वाचत राहिले. गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. गावच्या मातीत पुरायला त्यांच्या सरकारने परवानगी दिली नाही. त्यांचा एक अग्रलेख अर्धा राहिला होता. तो घेऊन मी नागपूरला आले.

नंदनवन वस्तीतल्या आईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मी तो पुरा केला. वकिलाने बजावलं होतं, नाव टाकलंस तर आखातातलं ते शहर तुला कायमचं बंद. माझी सहा वर्षं, माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. मी उस्तादांच्या नावाखाली माझं नाव टाकलं.

तुम्ही विचारता, आता घर कोणतं. ज्या गावाचं नाव असल्या लेखाखाली लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही, ते. म्हणून तेही लिहिलं. अरबीत 'ग' नाही, 'प' नाही; 'घ' आणि 'ब'वर भागवावं लागतं.

"काय लिहून राहिली वं?" आईने विचारलं.

"नाघबूर."

"असं कोणी म्हणते का आपल्या गावाले?"

"तिकडचे वाचणारे म्हणतील," मी म्हटलं आणि लेख पाठवून दिला.